चाळिशीनंतरच्या चेहऱ्यासाठी रेटिनॉल : आपल्या भागातल्या उन्हावाऱ्यात ते कसे वापरावे?

टिळकवाडी_शिक्षिका

नमस्कार मंडळी. मी बेळगावात टिळकवाडीला राहते आणि माध्यमिक शाळेत शिकवते. वय सत्तेचाळीस. अलीकडे कपाळावरच्या आडव्या रेषा ठळक झाल्या आहेत, हसताना डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या पडतात आणि गालांच्या उंचवट्यावर वांगाचे फिकट पट्टे उमटले आहेत. शाळेतल्या तरुण सहकारी रेटिनॉलचे नाव घेतात, खडेबाजारातल्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात त्याच्या चार-पाच कंपन्यांच्या बाटल्या मांडलेल्या दिसतात, आणि प्रत्येकीवर टक्केवारी निराळी असते. एका बाटलीवर ०.३ टक्के, दुसरीवर १ टक्का, तिसरीवर नुसतेच ‘कॉम्प्लेक्स’ असे लिहिलेले आहे.

माझे प्रश्न तीन आहेत. रेटिनॉल नेमके करते काय? डॉक्टर लिहून देतात ते ट्रेटिनॉइन आणि हे रेटिनॉल एकच की वेगळे? आणि सकाळी प्रार्थनेला मैदानात उभे राहायचे, दुपारी उन्हातून गाडीने घरी यायचे, थंडीत कोरडा वारा सोसायचा, अशा दिनक्रमात ते झेपेल का? ‘मला फार छान फरक पडला’ एवढ्यावर न थांबता फरक का पडतो हेही कोणी समजावून सांगितले तर उपकार होतील.

निवृत्त_रसायन

ताई, पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर एकत्रच द्यावे लागेल, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच रसायनक्रिया आहे.

रेटिनॉल हे अ जीवनसत्त्वाचेच एक रूप आहे. ते कातडीत शिरल्यावर जसेच्या तसे काम करीत नाही. पेशी आधी त्याचे रेटिनाल्डिहाइड करतात आणि मग रेटिनाल्डिहाइडचे रेटिनॉइक आम्ल करतात. पेशीच्या केंद्रकातील ग्राही प्रथिनांना चिकटून कोणती जनुके किती काम करतील हे बदलण्याची क्षमता या शेवटच्या आम्लातच आहे. ट्रेटिनॉइन म्हणजे हेच आम्ल, आयते तयार करून ट्यूबमध्ये भरलेले. म्हणून ते रेटिनॉलपेक्षा कितीतरी प्रभावी असते, कातडीला त्रासही तितकाच जास्त देते आणि भारतात ते औषध मानले जात असल्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवे. रेटिनॉलच्याही मागे आणखी एक पायरी आहे, ती रेटिनाइल पाल्मिटेटची. त्याचे प्रथम रेटिनॉल व्हावे लागते, म्हणून ते सर्वांत सौम्य. स्वस्त क्रीमवर ‘अ जीवनसत्त्वयुक्त’ असे लिहिलेले असते तेव्हा बहुधा आत हेच असते.

आता ते करते काय, ते पाहू. ऊन आणि वय यांमुळे कातडीच्या आतल्या थरातील कोलॅजन, म्हणजे कातडीला घट्टपणा देणारे प्रथिन, दोन बाजूंनी कमी होत जाते. नवे कोलॅजन कमी बनते आणि असलेले तोडणारी विकरे (एन्झाइम) वाढतात. रेटिनॉइक आम्ल या विकरांना आवर घालते, कोलॅजन बनवणाऱ्या पेशींना पुन्हा कामाला लावते आणि वरच्या थरातील पेशींची उलाढाल वाढवते, त्यामुळे वरवर साचलेले रंगद्रव्यही हळूहळू निघून जाते. बारीक रेषा कमी होणे, पोत सुधारणे आणि डाग फिकट होणे हे तीन परिणाम यातूनच येतात. मात्र नाकापासून ओठाच्या कडेपर्यंत येणाऱ्या खोल घड्या किंवा गालाचे ओघळणे यांवर कोणतेही रेटिनॉइड (रेटिनॉल, ट्रेटिनॉइन अशा या कुळातले द्रव्य) फारसे काही करू शकत नाही, कारण तेथे कातडीखालची चरबी आणि हाडांची ठेवणच बदललेली असते.

या औषधाचा शोध अपघातानेच लागला म्हणा ना. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील अल्बर्ट क्लिगमन यांनी ट्रेटिनॉइन मुरुमांसाठी पुढे आणले आणि १९७१ मध्ये तेथे त्याला मान्यता मिळाली. (याच क्लिगमन यांचे नाव फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर केलेल्या प्रयोगांमुळे काळवंडलेले आहे, हेही ठाऊक असलेले बरे.) मुरुमांवर ते लावणाऱ्या प्रौढ स्त्रिया ‘मुरुमांबरोबर सुरकुत्याही कमी झाल्या’ असे सांगू लागल्या, तेव्हा त्यांनी त्या अंगाने तपास केला आणि १९८६ मध्ये उन्हाने म्हाताऱ्या झालेल्या कातडीवरील परिणामांचा निबंध प्रसिद्ध केला. १९८८ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी तीस जणांच्या एका हाताला औषध आणि दुसऱ्याला औषध नसलेले नुसते मलम लावून सोळा आठवडे पाहिले. औषध लावलेल्या हातावर सुधारणा दिसली, पण त्यांतील बहुतेकांना लाली आणि सोलवटणे हेही झाले. निव्वळ रेटिनॉलबाबत २००७ चा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. सरासरी ८७ वर्षे वयाच्या ३६ जणांच्या दंडाच्या आतल्या, ऊन न लागणाऱ्या बाजूवर ०.४ टक्के रेटिनॉलचे लोशन चोवीस आठवडे लावले गेले आणि बारीक सुरकुत्या स्पष्टपणे कमी झाल्या. म्हणजे उन्हाचा वाटा बाजूला ठेवला तरी निव्वळ वयाने पातळ झालेली कातडी या वयातही प्रतिसाद देते.

पुरावा ट्रेटिनॉइनच्या बाजूला जास्त आहे आणि साधी ट्यूब बहुतेक गाजलेल्या सीरमपेक्षा स्वस्त पडते. माझ्या मते सरळ तज्ज्ञांकडे जाऊन तेच घ्यावे.

चिकोडीची_डॉक्टर

सरांनी क्रिया उत्तम मांडली आहे, पण शेवटच्या ओळीशी मी पूर्ण सहमत नाही. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, मूळ चिकोडीची, आणि आपल्याकडच्या रुग्णांचे चेहरे रोज पाहते. ते सारे अभ्यास मुख्यतः गोऱ्या कातडीवर झालेले आहेत. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त असल्यामुळे सुरकुत्या उशिरा येतात, पण वांग, डाग आणि रंगातला असमानपणा मात्र आधी येतो. शिक्षिकाताईंनी सांगितलेल्या तीन तक्रारींपैकी त्यांना आरशात सर्वांत जास्त खुपणारी बहुधा तिसरीच असेल.

याच मेलॅनिनची दुसरी बाजू अशी की आपल्या कातडीला कोठेही जळजळ झाली की ती जागा काळी पडते आणि महिनोन्महिने तशीच राहते. परदेशी व्हिडिओंत ‘पहिले काही आठवडे कातडी सोलू द्या, ते चांगले लक्षण आहे’ असे सांगतात. आपल्याकडे तो सल्ला पाळणाऱ्या बाई सुरकुत्या घालवायला जातात आणि काळ्या डागांसह परत येतात. म्हणून सावळ्या कातडीसाठी माझा नियम एकच आहे : सोलवटणे दिसले तर थांबायचे, बरे झाल्यावर कमी वेळा लावायचे. ट्रेटिनॉइन उत्तम औषध आहे, पण ते ०.०२५ टक्क्यांपासून, डॉक्टरांच्या नजरेखाली. स्वतःच सुरुवात करायची असेल तर ०.१ ते ०.३ टक्के रेटिनॉल पुरेसे आहे.

लावण्याची पद्धत सविस्तर सांगते, कारण बहुतेकांचे बिनसते ते येथेच. रात्री चेहरा सौम्य साबणाने धुवावा, टॉवेलने टिपून घ्यावा आणि पंधरा-वीस मिनिटे पूर्ण कोरडा होऊ द्यावा. ओल्या कातडीत ते जास्त खोल शिरते आणि जास्त चरचरते. मग आधी साधे मॉइश्चरायझर लावावे. त्यावर मटारच्या दाण्याएवढे रेटिनॉल घेऊन कपाळ, दोन्ही गाल, नाक आणि हनुवटी असे पाच ठिपके ठेवावेत आणि ते पसरवावेत. पापण्या, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोडून द्यावेत, कारण कातडी पहिल्यांदा फाटते ती याच जागी. वरून पुन्हा मॉइश्चरायझरचा थर द्यावा. पहिला महिना आठवड्यातून दोनच रात्री, जळजळ नसेल तर दुसऱ्या महिन्यात तीन, आणि पुढे सोसेल तसे एक दिवसाआड. जास्त लावल्याने लवकर परिणाम दिसत नाही. पोत बारा आठवड्यांच्या आसपास सुधारू लागतो; सुरकुत्यांना सहा महिने द्यावेत.

आणि एक गोष्ट ठळकपणे : ज्या गरोदर आहेत, मूल होण्याचा विचार करीत आहेत, त्यांनी कोणतेही रेटिनॉइड लावू नये. मुरुमांसाठी पोटात घ्यायच्या आयसोट्रेटिनॉइनमुळे गर्भात गंभीर व्यंग होते हे सिद्ध आहे. वरून लावण्याच्या प्रकारात शोषण फारच कमी असले तरी हा धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही.

खडेबाजार_जुना

मी एकाहत्तर वर्षांचा आहे. आमच्या आयांनी दुधाची साय आणि हरभऱ्याच्या डाळीचे पीठ लावून दिवस काढले आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेज होते. वय झाले की सुरकुत्या येणारच. त्यासाठी एवढी रसायने कशाला, असा माझा साधा प्रश्न आहे. रागावू नये.

चिकोडीची_डॉक्टर

काका, रागावण्यासारखे यात काही नाही. साय तेलकट असल्याने कातडीतला ओलावा टिकतो आणि कोरडेपणामुळे दिसणाऱ्या बारीक रेषा तेवढ्यापुरत्या मऊ होतात. ज्यांना मुरुमे येत नाहीत त्यांनी ती खुशाल लावावी. कोलॅजनवर तिचा परिणाम होत नाही इतकेच. लिंबाचा रस मात्र कोणीही चेहऱ्यावर लावू नये, आणि रेटिनॉल लावणाऱ्यांनी तर मुळीच नाही. आपल्या आयांचा पदर डोक्यावर आणि कपाळावर असे, त्या तेजात त्या पदराचाही हात होता असे मला वाटते.

मलप्रभाकाठ

मी खानापूर तालुक्यात राहते, शेती घरचीच आहे. येथे सगळी चर्चा सावलीत बसणाऱ्यांची चालली आहे, म्हणून विचारते. भात लावणीला आम्ही सकाळपासून चिखलात वाकून असतो, पाऊस आणि घाम यांनी तोंडाला लावलेले काहीही टिकत नाही, आणि वरून ऊन पडते ते पाण्यातून परत तोंडावर येते. हातांवर आणि गालांवर डाग आहेत. अशा बाईने रेटिनॉल लावावे की त्या नादी लागूच नये? खरे उत्तर द्यावे.

चिकोडीची_डॉक्टर

ताई, खरे उत्तर द्यायचे तर लावणीच्या दिवसांत लावू नका. रेटिनॉइडने कातडी उन्हाला जास्त हळवी होते, आणि दिवसभर उघड्यावर राहायचे असेल तर फायद्यापेक्षा तोटा जास्त होईल. त्या दिवसांत रुंद काठाची टोपी, गाल झाकेल असा बांधलेला रुमाल आणि पूर्ण बाह्या हेच तुमचे औषध आहे. कापड घामाने वाहून जात नाही. पाण्यावरून परावर्तित होणारे ऊन खालून येते हे तुमचे निरीक्षण अगदी बरोबर आहे, म्हणूनच नुसती टोपी पुरत नाही, हनुवटीपर्यंत रुमाल हवा.

सुगी आटोपल्यावर, घरचे काम जास्त असते त्या दिवसांत, आठवड्यातून दोन रात्री ०.१ टक्का रेटिनॉल सुरू करता येईल. पण तेव्हा थंडीचा कोरडा वारा असतो, म्हणून मॉइश्चरायझर दुप्पट. साधे पेट्रोलियम जेली किंवा ग्लिसरीन असलेले क्रीम पुरते, महागाची गरज नाही.

चोर्ला_घाट

मी बेळगाव ते पणजी मालाची गाडी चालवतो, जांबोटीवरून चोर्ल्याच्या रस्त्याने. बायकोने हा धागा दाखवला. माझ्या चेहऱ्याची उजवी बाजू डाव्या बाजूपेक्षा जास्त रापलेली आहे आणि उजव्या डोळ्याच्या कडेला सुरकुत्या जास्त आहेत. काच तर कायम बंद असते. याचा काही संबंध आहे का, की माझाच भ्रम?

निवृत्त_रसायन

भ्रम नाही. २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात अठ्ठावीस वर्षे मालट्रक चालवलेल्या ६९ वर्षांच्या अमेरिकन चालकाचा फोटो छापून आला होता. त्यांच्याकडे चालक डावीकडे बसतो, त्यामुळे डावा गाल खोल घड्यांनी भरलेला आणि उजवा तुलनेने बरा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून तुमचे उलटे.

कारण असे की उन्हातील अतिनील किरणांचे दोन मुख्य प्रकार आपल्यापर्यंत पोहोचतात. कातडी भाजणारे ‘बी’ किरण साध्या काचेत अडतात, पण खोलवर जाऊन कोलॅजन खराब करणारे ‘ए’ किरण बाजूच्या काचेतून बऱ्याच प्रमाणात आत येतात. पुढच्या काचेत दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो, तो बहुतेक ‘ए’ किरण अडवतो. बाजूच्या काचेत सहसा तो नसतो. हेच ढगांबाबत. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत आभाळ भरलेले असते म्हणून लोक सनस्क्रीन बाजूला ठेवतात, पण ‘ए’ किरण ढगांतूनही येतच राहतात. त्यात बेळगाव अडीच हजार फुटांच्या आसपास उंचीवर आहे. हवा थंड लागते म्हणून ऊन कमी आहे असे वाटते, आणि तेथेच फसगत होते.

सनस्क्रीनचा पुरावा तर रेटिनॉलइतकाच भक्कम आहे. ऑस्ट्रेलियात ९०० हून अधिक प्रौढांवर साडेचार वर्षे चाललेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात कातडी म्हातारी होण्याचे प्रमाण मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी आढळले. रात्री रेटिनॉल लावून दिवसा उघड्या चेहऱ्याने हिंडणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे आहे.

टिळकवाडी_शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. आता सनस्क्रीन कोणते आणि किती, हेही सांगावे. शिवाय मानेला आणि हातांच्या पंजांना रेटिनॉल चालते का?

चिकोडीची_डॉक्टर

एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त आणि ‘ए’ किरणांपासून संरक्षण देणारे, म्हणजे ट्यूबच्या पाठीवर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ किंवा ‘पीए’पुढे तीन-चार अधिक चिन्हे असलेले घ्यावे. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पूर्ण लांबीच्या दोन रेषा चेहऱ्याला आणि मानेला लागतात. बहुतेक जणी याच्या निम्म्याहून कमी लावतात आणि मग सनस्क्रीनचा उपयोग होत नाही म्हणतात. प्रार्थनेला उभे राहण्याआधी एकदा आणि दुपारी निघण्यापूर्वी पुन्हा लावावे.

तुम्हाला वांग आहे, म्हणून आणखी एक. वांग अतिनील किरणांबरोबरच डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढते, आणि तो अडवण्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेले, कातडीच्या रंगाचे टिंटेड सनस्क्रीन लागते. पांढरे क्रीम तेथे कमी पडते. वांगासाठी एकट्या रेटिनॉलवर विसंबू नका. एकदा तज्ज्ञांना दाखवाच.

मानेची कातडी पातळ असते, तेथे आठवड्यातून एकदाच आणि मॉइश्चरायझर मिसळून. पंजांना चालते, पण भांडी घासून झाल्यावर लावा, आधी नको.

निपाणी_औषधवाला

मी निपाणीत मेडिकल चालवतो. चिठ्ठ्या आमच्याकडे कोल्हापूरहून, बेळगावहून, गडहिंग्लजहूनही येतात, त्यामुळे नाना प्रकार पाहायला मिळतात. बाटलीवरच्या टक्केवारीबद्दल शिक्षिकाताईंनी विचारले होते, ते राहून गेले आहे.

मोठ्या अक्षरांकडे पाहू नका, पाठीमागची बारीक यादी वाचा. ‘२ टक्के ग्रॅनॅक्टिव्ह रेटिनॉइड’ म्हणजे २ टक्के रेटिनॉल नव्हे. ते वेगळेच संयुग द्रावकात विरघळवलेले असते आणि टक्केवारी त्या सगळ्या मिश्रणाची असते. ‘रेटिनॉल कॉम्प्लेक्स ५ टक्के’ असे असेल तर त्यात प्रत्यक्ष रेटिनॉल किती ते कंपनी सांगत नाही, अशी बाटली मी तरी घेऊ नका म्हणेन. शुद्ध रेटिनॉलची टक्केवारी स्पष्ट लिहिलेली असली तरच पैसे द्यावेत. युरोपीय संघाने २०२४ मध्ये नियम करून चेहऱ्याच्या प्रसाधनांत रेटिनॉलची मर्यादा ०.३ टक्के आणि अंगाला लावायच्या लोशनमध्ये ०.०५ टक्के ठरवली. चेहरा खराब होतो म्हणून नव्हे, तर अन्नातून आणि कातडीतून मिळून शरीरात जाणारे अ जीवनसत्त्व फार होऊ नये म्हणून. तेव्हा १ टक्क्याच्या मागे धावण्याची गरज नाही.

दुसरे म्हणजे डबी. रेटिनॉल हवा आणि उजेड लागला की बिघडते. उघड्या तोंडाची काचेची बरणी किंवा पारदर्शक ड्रॉपरची बाटली घेऊ नका. अल्युमिनियमची बारीक तोंडाची ट्यूब किंवा हवा आत न जाऊ देणारा पंप घ्या. आतला पदार्थ मूळचा फिकट पिवळा असतो, तो गडद तपकिरी झाला की समजावे की वाया गेला. न्हाणीघरातल्या फळीवर, बंबाच्या वाफेत ठेवू नका, कपाटात ठेवा.

शहापूरची_सून

या दादांना एक विचारायचे आहे. माझ्या जावेला एका मेडिकलमधून, चिठ्ठी नसताना, ‘वांगावरचे क्रीम, यात रेटिनॉल आहे’ असे सांगून एक लहान ट्यूब दिली होती. पहिल्या महिन्यात चेहरा इतका उजळला की गल्लीतल्या चारचौघींनी तीच ट्यूब आणली. आता गाल सतत लाल असतात, बारीक लाल शिरा दिसतात, गालांवर लव वाढली आहे आणि भाकऱ्या करताना चुलीपुढे बसले की तोंडाची आग आग होते. बंद केले की दोन दिवसांत पुरळ उठते, म्हणून ती पुन्हा लावते. हा रेटिनॉलचा परिणाम आहे का?

निपाणी_औषधवाला

वहिनी, ती ट्यूब हातात घ्या आणि मागची बाजू पाहा. तेथे बारीक अक्षरांत तीन नावे असतील : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. कधी मोमेटासोनऐवजी फ्लुओसिनोलोन असते. तिसरे जे आहे ते स्टेरॉइड. जावेच्या गालावर दिसते आहे ते बहुतांश त्याचे काम आहे. पहिला उजळपणा ज्यामुळे येतो त्याच स्टेरॉइडने पुढे कातडी पातळ होते, शिरा वर दिसतात, लव वाढते आणि ते बंद केले की कातडी पेटते, त्यामुळे माणूस त्याच्या आहारी जातो. हे क्रीम चुकीचे आहे असे नाही, वांगासाठी डॉक्टर ते मोजके आठवडे देतात; वर्षानुवर्षे ‘गोरे होण्याचे क्रीम’ म्हणून लावायचे ते नव्हे. स्टेरॉइडची अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केले, तरीही काउंटरवरून ती सर्रास सुटतात, हे आमच्या धंद्याला लाजिरवाणे आहे.

चिकोडीची_डॉक्टर

जावेला एक सांगा, स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका आणि पुढची ट्यूबही आणू नका. ट्यूब बरोबर घेऊन तज्ज्ञांकडे जा. ते हळूहळू सौम्य औषधावर उतरवतील. काही महिने लागतील. त्या काळात रेटिनॉल, ब्लीच, फेशियल, उटणे यांपैकी काहीही नको; सौम्य साबण, साधे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढेच.

सीमाभागात मला सर्वांत जास्त दिसणारा आजार हाच आहे, रेटिनॉलचा दुष्परिणाम नव्हे. म्हणून या धाग्यावरचे प्रत्येकाने घरातल्या प्रत्येक ट्यूबची मागची बाजू एकदा वाचावी. नाव ‘सोन’ किंवा ‘सोल’ अशा शेवटाचे असेल, जसे बीटामेथासोन, क्लोबेटासोल, तर ते चेहऱ्यावर लावण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

हल्याळकर

रेटिनॉलऐवजी बाकुचिओल चालते असे वाचले. ते बावचीपासून काढतात म्हणे. आमच्याकडे आयुर्वेदिक दुकानात बावचीचे तेल सहज मिळते आणि स्वस्तही आहे. मग तेच रोज रात्री लावले तर?

चिकोडीची_डॉक्टर

कृपा करून लावू नका. बाकुचिओल हे बावचीच्या बियांतून वेगळे काढून शुद्ध केलेले एक संयुग आहे. कच्च्या बावची तेलात त्याबरोबर सोरालेन असतात, आणि सोरालेन कातडीला उन्हाबाबत अतिशय हळवी करतात. कोडावर बावची वापरतात ती याच गुणासाठी, तीही देखरेखीखाली आणि मोजून ऊन देऊन. ते तेल लावून दुसऱ्या दिवशी उन्हात गेलात तर फोड येऊ शकतात आणि त्या जागी काळे डाग राहतात.

शुद्ध बाकुचिओलबद्दल ४४ जणांवर बारा आठवड्यांचा एक अभ्यास आहे. त्यात ०.५ टक्के बाकुचिओल दिवसातून दोनदा आणि ०.५ टक्के रेटिनॉल एकदा यांचा परिणाम जवळपास सारखा दिसला आणि बाकुचिओलने सोलवटणे कमी झाले. अभ्यास लहान आहे, म्हणून मी त्याला रेटिनॉलच्या तोडीचे म्हणत नाही, पण ज्यांना रेटिनॉल सोसतच नाही त्यांनी शुद्ध बाकुचिओल करून पाहायला हरकत नाही. गरोदरपणासाठी मात्र ते सुरक्षित असल्याचा पुरेसा पुरावा नाही.

चोर्ला_घाट

बायको विचारते, अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या तर आतूनच फरक पडणार नाही का? लावायची कटकट नको.

निवृत्त_रसायन

नाही. अ जीवनसत्त्व चरबीत विरघळते आणि यकृतात साठते. गरजेपेक्षा जास्त झाले की विषारी ठरते, डोकेदुखीपासून यकृताच्या इजेपर्यंत. गाजर, पालक, शेवग्याची भाजी खावी, गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तरच. तुमच्यासाठी बाजूच्या काचेला उन्हाचा पडदा आणि उजव्या गालावर सनस्क्रीन हे आधी.

टिळकवाडी_शिक्षिका

मी ठरवले आहे ते असे : ०.२ टक्क्यांची अल्युमिनियमची ट्यूब घेईन, टिंटेड सनस्क्रीन आणीन आणि वांगासाठी तज्ज्ञांची वेळ घेईन. सुरुवात आत्ताच करावी की थांबावे? मार्च चालू आहे.

चिकोडीची_डॉक्टर

थांबा. सनस्क्रीनची सवय आत्तापासून लावा, म्हणजे वांग वाढणार नाही. रेटिनॉल मृग लागल्यावर, जूनमध्ये सुरू करा. हवेत दमटपणा असतो, ऊन तुलनेने कमी असते, शाळेतली प्रार्थनाही बऱ्याचदा सभागृहात होते. कातडीला सवय व्हायला तेवढे तीन महिने उत्तम. दिवाळीनंतर कोरडा वारा सुरू झाला की एखादी रात्र कमी करा.

शहापूरची_सून

एक शेवटचे. तुळशीच्या लग्नानंतर आमच्याकडे भाचीचे लग्न आहे, आणि पार्लरमध्ये वरच्या ओठाचे वॅक्सिंग होणारच. रेटिनॉल लावणाऱ्यांनी त्याआधी काही करायचे असते का?

चिकोडीची_डॉक्टर

होय, फार चांगले विचारले. रेटिनॉइडमुळे वरचा थर नाजूक झालेला असतो, आणि गरम मेणाच्या पट्टीबरोबर कातडीच निघून येते. वॅक्सिंगच्या किमान एक आठवडा आधी रेटिनॉल बंद ठेवावे, ट्रेटिनॉइन असेल तर त्याहून जास्त. दोऱ्याने थ्रेडिंग करणे तुलनेने बरे, पण त्याहीआधी तीन-चार रात्री लावू नये. दोन्हींनंतर लाली पूर्ण उतरेपर्यंत थांबावे. पार्लरवाल्या ताईंना आधीच सांगावे की आपण रेटिनॉल लावतो, आणि त्यांनी ‘काही होत नाही हो’ म्हटले तरी, आठवडाभर आधी रेटिनॉल बंद केलेले नसेल तर ओठाच्या वर पट्टी लावू देऊ नये. हळदीच्या दिवशी सकाळी हळद लागणार असेल तर आदल्या रात्रीही रेटिनॉल नको, चरचरेल.